डिझेलचा हिशेब: टाकीतला रॉड की कंपनीची टेलिमॅटिक्स?

ज्यांच्याकडे पाच-दहा ते पंचवीस-तीस मालट्रक आहेत आणि ज्यांना डिझेलवर नजर ठेवण्यासाठी पैसे घालायचे आहेत, त्यांच्यापुढे आज मुख्यतः दोन पर्याय आहेत. एक म्हणजे टाकीला भोक पाडून बसवला जाणारा इंधन-सेन्सर, म्हणजेच रॉड, आणि त्याच्या जोडीला बाहेरून घेतलेले जीपीएस. दुसरा म्हणजे १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्यांवर गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच बसवून दिलेली टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीची माहिती दूरवरून मालकाला दाखवणारी प्रणाली, मग ती टाटांची फ्लीट एज असो, अशोक लेलँडची आय-अलर्ट असो किंवा त्याच जातीची दुसरी कोणती प्रणाली असो. आमच्या जुन्या गाड्यांवर रॉड आहेत आणि नव्या गाड्यांवर कंपनीची प्रणाली आहे. दोन्ही प्रकारच्या गाड्या कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतले कास्टिंग घेऊन चाकणला, आणि अधूनमधून रत्नागिरीकडे जातात. त्यामुळे पुढचे मत घाटाच्या मार्गांवरून बनलेले आहे, हे ध्यानात घेऊनच वाचावे. गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, किती वेळ थांबली, हे दोन्हींत सारखेच कळते. त्यावर वेळ घालवत नाही.

खरा फरक मोजण्याच्या जागेत आहे. रॉड टाकीत किती डिझेल उरले ते सांगतो. कंपनीची प्रणाली इंजिनाच्या ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, किती डिझेल जळले ते घेते. पंपावर माप कमी भरले गेले तर ते रॉडला तिथल्या तिथे दिसते, आणि टाकीतून नळी घालून कोणी डिझेल काढले तर तेही दिसते. ईसीयूला यातले काहीच दिसत नाही, कारण जे इंजिनापर्यंत पोहोचलेच नाही त्याची नोंद तिथे होणार कशी? केवळ चोरीचाच विचार केला तर रॉडचे पारडे जड वाटते आणि विक्रेतेही त्याच मुद्द्यावर भर देतात.

माझा निर्णय मात्र एकाच त्रासाने झाला, आणि तो त्रास म्हणजे घाटातला खोटा इशारा. रत्नागिरीच्या वाटेवर मलकापूर सोडून गाडी आंबा घाट उतरू लागली आणि चालकाने चहासाठी उतारावर गाडी उभी केली की थोड्याच वेळात मोबाइलवर डिझेल काढल्याचा संदेश येतो. गाडी खाली साखरप्याच्या सपाटीला लागली की तितकेच लिटर भरल्याची नोंद होते, ज्याचे बिल अर्थातच कुठेच नसते. कारण साधे आहे. रॉड टाकीच्या बरोबर मध्यावर असेल तर पुढे-मागे उतार असला तरी पातळी फारशी बदलत नाही. पण पुष्कळ टाक्यांत मध्याची जागा मूळ फ्लोटने (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाने) घेतलेली असते आणि वायरमन रॉड बाजूला सरकवून बसवतो. ३५० लिटरची, ६० सेंटिमीटर उंचीची टाकी धरली तर एका सेंटिमीटरला जवळपास सहा लिटर होतात. रॉड मध्यापासून २० सेंटिमीटर सरकलेला असेल आणि रस्त्याचा उतार पंधरास एक असेल, तर टाकीतला थेंबही कमी न होता सुमारे आठ लिटर गायब झालेले दिसतात. चालत्या गाडीतले हेलकावे सॉफ्टवेअर सरासरी काढून गाळते, पण उतारावर उभ्या राहिलेल्या गाडीत पातळी स्थिरच असते. त्यामुळे गाळण्यासारखे त्याला काही सापडतच नाही.

हा त्रास तांत्रिक वाटतो, पण त्याचे परिणाम माणसांवर होतात. मध्यरात्री मालकाचा फोन गेला की वर्षानुवर्षे इमानाने गाडी चालवणाऱ्या माणसाला आपल्यावर संशय घेतला जातो आहे, हे लगेच कळते. चांगला चालक मिळणे आज किती अवघड झाले आहे, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. आठ लिटर डिझेलपेक्षा तो माणूस मला अधिक मोलाचा वाटतो, आणि जे यंत्र मला त्याच्यावर अविश्वास ठेवायला भाग पाडते, त्यावर पुन्हा पैसे घालावेत असे वाटत नाही.

चोरी कंपनीच्या प्रणालीनेही कळते, फक्त वाट पाहावी लागते. एक्स्ट्रापॉवर, स्मार्टफ्लीट, ड्राइव्हट्रॅक यांसारख्या तेल कंपन्यांच्या फ्लीट कार्डावर (डिझेल भरण्याच्या कार्डावर) महिनाभरात भरलेले लिटर आणि ईसीयूने जळलेले म्हणून दाखवलेले लिटर समोरासमोर मांडावेत, मात्र महिन्याच्या दोन्ही टोकांना टाकी फुल असावी. थोडा फरक राहणारच. तो दरमहा त्याच गाडीवर वाढत गेला तर बोलायचे. कोणत्या रात्री डिझेल गेले हे कळत नाही, ही उणीव मला मान्य आहे. पण महिन्याच्या आकड्यांवर शांतपणे बसून बोलता येते.

शिवाय माझ्या अनुभवात खरी बचत चोरी पकडण्यापेक्षा गाडी चालवण्याच्या सवयीत आहे. घाट उतरताना डिझेल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रल करणारे चालक अजूनही आहेत. प्रत्यक्षात गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू इंजेक्शन बंद करतो आणि डिझेल लागतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलिंगला चालू राहते आणि डिझेल खाते, शिवाय इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही, पण त्याच घाटाचे दोन फेऱ्यांचे आकडे दाखवले की पटते. आमच्याकडे या एका बदलाने ॲव्हरेज सुधारले असे मला वाटते, आणि उतारावर मन निश्चिंत झाले ते वेगळेच. डीईएफची (धूर शुद्ध करायला लागणाऱ्या द्रवाची) पातळी आणि एससीआरच्या (तो द्रव वापरून धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) बिघाडाचा कोड इंजिनाची ताकद कमी होण्याआधी कळतो, हाही रॉडकडे नसलेला फायदा आहे.

कंपनीच्या प्रणालीला मर्यादा आहेतच. दोन कंपन्यांच्या गाड्या असतील तर दोन ॲप पाहावी लागतात, मुदत संपल्यावर वार्षिक शुल्क भरावे लागते, आणि जुन्या बीएस-४ गाड्यांना ती सहसा मिळत नाही. त्यामुळे ज्यांचे टिपर खाणीवर दिवसभर उभे राहून पीटीओवर (इंजिनाच्या ताकदीवर दुसरे यंत्र चालवण्याच्या जोडणीवर) चालतात किंवा ज्यांचा सगळा ताफा जुना आहे, त्यांनी रॉडच घ्यावा, असे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. तसा घेतलाच तर रॉड मध्यावरच बसवण्याचा आग्रह धरावा आणि लांबट टाकीला दोन टोकांना दोन रॉड लावून त्यांची सरासरी घ्यावी. कॅलिब्रेशन, म्हणजे रॉडचे माप प्रत्यक्ष लिटरशी जुळवणे, वीस-वीस लिटर भरत आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे, आणि गाडी सपाटीला येईपर्यंत चोरीचा इशारा रोखून धरण्याची सोय आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. नवी गाडी घेत असाल तर मात्र तिच्यासोबत आलेली प्रणाली निदान सहा महिने मनापासून वापरून पाहावी, आणि तोपर्यंत टाकीला भोक पाडू नये.