शुक्रवारी ऑफिसमधून परस्पर ट्रिपला, ३० लिटरची बॅकपॅक

वर्षभराने आम्ही चौघं कॉलेजचे मित्र वीकेंडला एका शहरात भेटलो, त्यासाठीच ही बॅग घेतली आणि खरं सांगतो, पैसे वसूल. शुक्रवारी सकाळी लॅपटॉप आणि दोन दिवसांचे कपडे भरून ऑफिसला नेली आणि संध्याकाळी तिथूनच निघालो, घरी जायची भानगडच नाही. चेन तीन बाजूंनी उघडते त्यामुळे तळातला टीशर्ट काढायला सगळं उपसावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. रविवारी सकाळीच चेकआउट आणि परतीचं तिकीट रात्रीचं, म्हणजे दिवसभर बॅग पाठीवर, पण कमरेचा पट्टा आवळला की खांद्यावरचं बरंचसं वजन कमरेवर येतं मग गप्पा मारत कितीही चाला. पॉवरबँकला वेगळा कप्पा आहे, विमानाने जाणार असाल तर ती केबिनमध्येच ठेवा, २०,००० एमएएचची असेल तर साधारण ७४ वॉट-अवर (बॅटरीतल्या ऊर्जेचं माप) होतात, विमानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते. बाटलीचा खिसा मात्र फारच उथळ, जिने चढताना बाटली दोनदा पडली, दोन्ही वेळा मागून येणाऱ्या मित्राने उचलून दिली. रेनकव्हरही वेगळं घ्यावं लागतं.