मुळं नसलेले कॅक्टस आणि माझे ११,१९० रुपये

कॅक्टस विकणाऱ्या एका पेजने माझे ११,१९० रुपये खाल्ले. पैशांचा राग आहेच, पण जास्त संताप याचा आहे की मला कॅक्टसमधलं कळतं. घरात वर्षानुवर्षं कॅक्टस आहेत, बियांपासून वाढवलेलेही आहेत. तरीही त्या माणसाने मला गंडवलं, कारण त्यालाही कॅक्टसमधलं कळत होतं. पेजचं नाव देत नाही. ते आता बदललंय. पद्धत मात्र तीच राहणार, म्हणून पद्धत नीट वाचा.

आमच्याकडे फक्त पूर्वेची खिडकी आहे. सकाळी थोडं ऊन, मग दिवसभर नुसता उजेड. अशा जागी भरपूर ऊन मागणारे कॅक्टस फिके पडतात आणि वर निमुळते, लांबट वाढत जातात. जिम्नोकॅलिशियम (थोडक्यात जिम्नो) नावाचे कॅक्टस त्यातल्या त्यात जमतात, कारण दक्षिण अमेरिकेत ते बरेचदा झुडपांच्या, गवताच्या आडोशाला वाढतात. (‘बाथरूममध्येही जगेल’ म्हणून कॅक्टस विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. तो पहिल्याच वाक्यात खोटं बोललाय.) म्हणून मी रंगीत जिम्नो शोधत होते. या पेजवर थायलंडहून आणलेल्या रोपांचं बुकिंग चालू होतं. लाल जिम्नो १,४५० रुपयांना एक, असे तीन घेतले. पांढऱ्या ठिपक्यांचे दोन ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास (हाही गोल कॅक्टसच), प्रत्येकी १,१२० रुपये. कुरिअरचे २५०. एकूण ६,८४०, सगळे आगाऊ, यूपीआयने.

यादीतली ती ओळ मला आजही झोपू देत नाही: ‘पूर्ण लाल, कलम नाही, स्वतःच्या मुळांवर.’

पूर्ण लाल जिम्नो स्वतःच्या मुळांवर जगूच शकत नाही. त्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे ते स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. १९४१ साली जपानमध्ये एइजी वातानाबे यांना रोपांच्या वाफ्यात अशी लाल रोपं सापडली, आणि ती जगली ती दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर कलम केल्यामुळेच. आज नर्सरीत दिसणारा लाल ‘मून कॅक्टस’ म्हणजे तेच. वरचा लाल गोळा खालच्या तिधारी हिरव्या खोडाच्या जिवावर जगतो, आणि ते खोड बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं असतं. हे मला तोंडपाठ आहे. ओळ वाचताक्षणी मी थांबलेही, आणि त्याला तसं विचारलंही.

त्याचं उत्तर आलं, “ताई, बुडाशी हिरवट झाक आहे, फोटोत दिसत नाही.”

हे अशक्य नव्हतं, हे समजून घ्या. हिरवे आणि लाल पट्टे असलेले जिम्नो असतात आणि हिरवा भाग पुरेसा असेल तर ते स्वतःच्या मुळांवर जगतातही. अडाणी विक्रेत्याला असं उत्तर सुचलंच नसतं. मी म्हटलं, जाणकार माणूस दिसतोय. पण त्याच क्षणी बुडाचा फोटो मागायला हवा होता! एक फोटो. पैसे भरताना स्क्रीनवर नर्सरीऐवजी भलत्याच बाईचं नाव आलं, तेव्हाही पुढे जायला नको होतं. पण घरगुती धंद्यात बायकोच्या, आईच्या खात्यावर पैसे घेणारे कितीतरी असतात. प्रत्येकाला चोर समजायचं का?

मग ‘क्वारंटाइन सर्टिफिकेट’चे १,९५० मागितले. रोपं विमानतळावर अडकलीत, वाळून जातील, आज भरा. वनस्पती आयातीला परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं हे खरंच आहे, म्हणूनच ही थाप पचते. पण ते प्रमाणपत्र माल पाठवणाऱ्या देशात, माल निघण्याआधी मिळतं. इथल्या गिऱ्हाइकाकडून मागाहून, कुणाच्या तरी खासगी खात्यावर त्याचे पैसे घेतले जात नाहीत. त्यानंतर २,४०० ‘परत मिळणारी विमा अनामत’. परत मिळणारी अनामत म्हटलं की तिथेच फोन ठेवा. मी भरली, कारण ८,७९० आधीच अडकले होते.

आणि पार्सल आलं. खरी मेख इथेच आहे. ही माणसं पैसे घेऊन पळून जात नाहीत, काहीतरी पाठवतात. छान कुंड्या, वर पांढरी खडी, सोबत छापील कार्ड: ‘नवीन रोप महिनाभर रुळू द्या, पाणी घालू नका, कुंडी बदलू नका. सात दिवसांत रोप मेल्यास बदलून मिळेल.’ नवीन कॅक्टसला लगेच पाणी घालू नये हा सल्ला अगदी बरोबर आहे, मीही सगळ्यांना तोच देते. त्याच सल्ल्याचा त्याने फायदा घेतला. अंगात पाणी साठवलेला कॅक्टस मुळं नसली तरी कित्येक आठवडे टवटवीत दिसतो. सात दिवसांची हमी द्यायला त्याचं काय जातंय?

एक गोळा सुरकुतायला लागला तेव्हा मी खडी हलवून बघितली. हलेना, डिंकाने चिकटवलेली. फोडून काढली तर तिन्ही लाल गोळे कलमावरून कापलेले, खाली टूथपिक खुपसून मातीत उभे केलेले. एकाही गोळ्याला मूळ नाही. ॲस्ट्रोफायटम तर ॲस्ट्रोफायटमच नव्हते. ते दक्षिण आफ्रिकेतलं युफोर्बिया ओबेसा होतं, म्हणजे कॅक्टसच नाही, आकाराने हुबेहूब तसंच, आणि त्यावर ठिपके रंगाने काढलेले. सुई टोचली तर पांढरा चीक आला. ॲस्ट्रोफायटममधून चीक येत नाही. ही परीक्षा करताना डोळे सांभाळा, चीक फार झोंबतो.

पैसे परत मागितले तर धमकी. ‘ही साइट्सच्या पहिल्या परिशिष्टातली रोपं आहेत, तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल.’ साइट्स म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. ॲस्टेरियास त्या परिशिष्टात आहे हे खरं, पण त्याने ते पाठवलंच कुठे होतं? आणि ड्रॅगनफ्रूटच्या खोडावर कलम केलेल्या रंगीत कॅक्टसना तर साइट्समधून सूटच आहे. मी हे त्याला लिहिलं, त्याने मला ब्लॉक केलं.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे हा व्यवहार तुमच्या संमतीचा. पोलीस ठाण्यात विचारलं, “मॅडम, झाडं मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद आहे.” दुसरा म्हणाला, काट्याच्या झाडाला अकरा हजार कोण देतं, आणि सगळे हसले. मी काय विकत घ्यावं हे ठरवायला गेले नव्हते मी तिथे! खोटं सांगून एखाद्याला पैसे द्यायला लावणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूकच आहे, बदल्यात रंगवलेलं झाड दिलं म्हणून ती पुसली जात नाही. हे मी बोलले तर “लेखी द्या”. लेखी दिलं तर पोच द्यायला साहेब नाहीत. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फीही नाही, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता हवा. पत्ता बँकेकडे आहे, बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात दिवाणी वाद. आणि ज्या ॲपवर हे पेज होतं त्यांचं उत्तर आलं की पेजने कोणताही नियम मोडलेला नाही.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या चकरा नंतर. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढाच. चांगला विक्रेता बहुधा माती झाडून, मुळं उघडी ठेवून, कागदात गुंडाळून पाठवतो. कुंडीसकट चिकटवलेली खडी दिसली की संशय घ्या. बुकिंगच्या आधी आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत रोप उलटं करून व्हिडिओ मागा, टाळाटाळ झाली तर विषय संपला. कॅक्टसवर कोरडी, चुरचुर वाजणारी फुलं असतील तर ती डिंकाने लावलेली असतात. निळ्या, सप्तरंगी कॅक्टसच्या बिया विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका.

त्याच फोटोंचं नवं पेज सुरू झालंय, लाल जिम्नो आता १,६५० रुपये. तिथून कुणी रोपं घेतली असतील तर कार्डावर काहीही लिहिलेलं असो, सात दिवस संपायच्या आत ती कुंडीतून काढा आणि मुळं बघा.