स्विफ्ट व्हीएक्सआयला 14 चे 15 इंची केले: साइज, मॅगव्हील आणि दुकानाचा रिव्ह्यू (सोलापूर)

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच पाहिजे असतं. 2018 नंतरची स्विफ्ट असेल, एलएक्सआय किंवा व्हीएक्सआय, आणि टायर बदलायला आले असतील तर 185/65 आर15 बिनधास्त घ्या. मॅगव्हीलवर (म्हणजे अलॉयच्या रिमवर) खर्च करायचा नसेल तर जुन्याच लोखंडी रिमवर कंपनीची 165/80 आर14 परत टाका, काही बिघडत नाही. 16 ज्याला दिसण्याची फार हौस आहे त्याने घ्यावी. आणि 17 सोलापुरात राहणाऱ्या माणसाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, का ते खाली लिहिलंय.

टायर कुठल्या कंपनीचे घेतले ते मुद्दाम लिहीत नाहीये, हा रिव्ह्यू साइजचा आणि कामाचा आहे. 185/65 आर15 ही इतकी चालणारी साइज आहे की एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशेलिन सगळ्यांची मिळते, आणि हाच तिचा पहिला फायदा, उद्या बाहेरगावी टायर फाटला तरी अडून बसावं लागत नाही.

माझं चालवणं म्हणजे जुळे सोलापूरातून रोज अक्कलकोटला नोकरीला जाणं-येणं, गाडीत कधी मी एकटी कधी शाळेतल्या अजून तिघीजणी, शिवाय सुट्टीला तुळजापूर नाहीतर पंढरपूर. म्हणजे निम्मं गावातले खोदलेले रस्ते आणि निम्मा हायवे, त्यात गाळपाच्या सीझनला उसाच्या ट्रॉल्या. जुने टायर घासून खाचेतल्या त्या आडव्या खुणेला टेकले होते, ती खूण म्हणजे 1.6 मिलिमीटर, त्याच्या खाली गेलं की टायर कायद्यानेही बाद आणि पावसात ब्रेकलाही बाद. आमच्याकडच्या उन्हात तर नक्षी शिल्लक असली तरी बाजूला बारीक भेगा पडायला लागतात, ते पण बघत जा.

आता साइजचं गणित, हे एकदा समजलं की कुठलाच दुकानदार तुम्हाला गुंडाळू शकत नाही. 165/80 आर14 यातला 165 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या 80 टक्के उंच, म्हणजे 132 मिलिमीटर, आणि 14 म्हणजे रिम इंचात. भिंत दोनदा धरायची, वर आणि खाली, त्यात रिमचे 355.6 मिळवायचे, झाले 619.6. ही चाकाची पूर्ण उंची. नवीन साइजची उंची याच्या जवळपास राहिली पाहिजे, बाकी सगळं नंतर. 185/65 आर15 ची येते 621.5, म्हणजे फरक दोन मिलिमीटरचाही नाही, मीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा जेमतेम 0.3 ने जास्त पळत असते. आणि खरं म्हणजे ही साइज मी काही शोधून काढलेली नाही, मारुतीनेच त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला दिली आहे. बॉडी तीच, सस्पेन्शन तेच, चाकाची खोबण तीच. जी साइज कंपनीने वरच्या मॉडेलला स्वतः दिलीय ती खालच्या मॉडेलला टाकणं याच्याइतका सेफ अपग्रेड दुसरा नाही, आणि हे फक्त स्विफ्टचं नाही, कुठलीही छोटी गाडी असू द्या, आधी तिच्या टॉप मॉडेलला काय साइज आहे ते बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

बरेच जण 195/65 आर15 सांगतात, गाडी उचलल्यासारखी होते म्हणून. तिची उंची 634.5, म्हणजे 2.4 टक्के जास्त. क्लिअरन्स वाढतो तो याच्या निम्मा, सात-साडेसात मिलिमीटर, स्पीडब्रेकरला त्याने फार फरक पडत नाही, उलट मीटर कमी दाखवतो, पिकअप मंद होतो आणि मागे तिघं बसले की पूर्ण स्टेरिंग कापताना आतलं प्लास्टिक घासायची भीती. मला नाही पटलं. लोखंडी रिम ठेवूनच थोडा रुंद टायर पाहिजे असेल तर 185/70 आर14 आहे, उंची 614.6, कंपनीपेक्षा पाच मिलिमीटर कमी, चालून जातं.

तर 17 ची गोष्ट. माझा पुतण्या सोबत होता, त्याच्या डोक्यात 17 च. "काकू, काय दिसंल गाडी माहितीय का तुला!" विजापूर रोडला एका दुकानात गेलो तर दुकानदारही त्याच्याच बाजूचा, "बसतंय की ओ मॅडम, स्पेसर टाकून देतो, काय टेन्शन नाही." त्याने 205/45 आर17 काढली. उंचीचं गणित तिचंही जुळतं, 616.3 येते, म्हणून नुसती उंची बघून भागत नाही, भिंत बघा. कंपनीच्या टायरची भिंत 132, 15 इंचीची 120, आणि या 17 ची फक्त 92. खड्ड्यात गेल्यावर रिम आणि डांबराची कडा यांच्या मधे जे काय रबर आणि हवा आहे ते चार सेंटिमीटरने कमी झालं. आमच्याकडे पाइपलाइनसाठी रस्ता खोदतात आणि बुजवताना खडी टाकून सोडून देतात, त्या कडेवर 92 ची भिंत आपटली की आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर रिपेअर होत नाही, फेकावाच लागतो. शिवाय रिम वाकतो तो वेगळा. पुतण्याला तिथेच खडू घेऊन जमिनीवर दोन्ही भिंती खऱ्या मापाने काढून दाखवल्या, मग गप्प झाला.

स्पेसरबद्दल पण लिहिते कारण ते फार सर्रास टाकतात. रिम आत कुठे घासतो म्हणून त्याला बाहेर ढकलायला मधे चकती घालतात. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण वाढतो, नटाला पकडायला आटे कमी उरतात. स्पेसर लागतोय याचा अर्थच असा की रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसतो ते माप, तुमच्या गाडीचा नाही. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो, तो तुमच्या जुन्या रिमवरचा बघून घ्या आणि नव्याचा त्याच्या जवळपास आहे का एवढं तपासा.

मॅगव्हील घेताना अजून तीन गोष्टी. पहिली पीसीडी, म्हणजे नट किती आणि ते ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास किती मिलिमीटर, स्विफ्टची 4 बाय 100, वॅगनआर, टियागो, आय10 यांचीही तीच, म्हणून बाजारात माल भरपूर. पण काही जुन्या फियाट गाड्यांची 4 बाय 98 असते, दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट जबरदस्तीने आवळले तर बसल्यासारखं वाटतं आणि नंतर ढिले होतात, तर सेकंडहँड घेताना कुठल्या गाडीचं निघालंय ते विचारा. दुसरी गोष्ट मधलं भोक. स्विफ्टचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, 54.1 मिलिमीटरचं आहे, बाहेरचे बरेच मॅग सगळ्या गाड्यांना बसावेत म्हणून मोठ्या भोकाचे असतात, मग मधे रिंग लागते. रिंग न घालता बसवलं तर चाक मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टेरिंग थरथरतं, बॅलन्सिंग कितीदा केलं तरी जात नाही. तिसरी गोष्ट नट. मारुतीचे आटे 12 बाय 1.25 (जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), ह्युंदाई होंडाचे 12 बाय 1.5. दुकानात डब्यात सगळे एकत्र पडलेले असतात, चुकीचा नट दोन आटे जातो आणि अडकतो, तिथे कोणी पान्याला पाइप लावून जोर दिला तर स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्ट, गेलाच. नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मगच पाना.

शेवटी मी नवे मॅग घेतलेच नाहीत. झेडएक्सआयवाले लोक स्वतःचे कंपनीचे 15 चे मॅग काढून मोठे टाकतात, ते काढलेले मॅग टायरवाल्यांकडे पडून असतात, ऑफसेट, भोक, पीसीडी सगळं आपोआप जुळतं, रिंग नको स्पेसर नको. होटगी रोडला आसरा चौकाच्या अलीकडे एक मध्यम आकाराचं दुकान आहे, तिथल्या अण्णांकडे असा सेट होता आणि या दुकानाचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. मी पैशाचं बोलायच्या आधीच त्यांनी चारही रिम एकेक करून बॅलन्सिंग मशीनवर नुसते, टायर न चढवता, फिरवून दाखवले. कडेच्या अगदी जवळ पेन धरला आणि म्हणाले, "मॅडम, पेनाकडं बघा, रिमकडं नका बघू." तीन रिमला पेन आणि कडा यांच्यातली फट फिरताना तेवढीच राहिली, चौथ्याला एका जागी पेन टकटक वाजायला लागला. तो रिम आतल्या कडेला वाकलेला होता, बाहेरून बघितला तर एकदम झकास, पॉलिश केलेला. मी म्हटलं सरळ करून मिळेल का, तर अण्णांनी साफ नाही म्हटलं, "मॅग तापवून सरळ करतात लोकं, पण त्याची ताकद जाते, तुम्ही हायवेला जाता, मी नाही देत." तो बाजूला ठेवला, दुसऱ्या सेटमधला आणून परत तसाच फिरवला. गिऱ्हाईक तयार बसलेलं असताना माल नाकारणारा माणूस आजकाल कुठे भेटतो. आतल्या बाजूला वेल्डिंगचा थर आहे का तेही त्यांनी बोट फिरवून दाखवलं, वेल्ड केलेला असेल तर कितीही स्वस्त असो घेऊ नका.

टायर नवे होते पण त्यांची तारीखही स्वतःहून दाखवली. बाजूला डॉटच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 1525 लिहिलं असेल तर 2025 सालचा 15 वा आठवडा. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा असूनही नवा नसतो, म्हणून हे बघाच. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तो पण बघा, जुन्या 165/80 ला 85 होता म्हणजे एका टायरला 515 किलो, नव्याला 88 म्हणजे 560. वर जावं, खाली कधी नको.

खर्च: टायर एकेक पाच-सहा हजारांच्या घरात पडला, कंपनीप्रमाणे वर-खाली होतं, आणि सेकंडहँड मॅगचा सेट नव्याच्या निम्म्याच्या आसपास. वॉल्व्ह नवे घालून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

आता चालवायला कसंय. अक्कलकोट रोडला शेजारून मोठा ट्रेलर गेला की पूर्वी गाडी थोडी हलायची, आता घट्ट बसून असते. पहिल्या पावसात ब्रेकवर विश्वास वाढला, रुंद टायर आणि ताजी नक्षी दोन्हीचा हातभार असणार. वळणावर गाडी लवकर ऐकते. वाईट बाजू पण आहेत, पार्किंगमध्ये स्टेरिंग किंचित जड लागतं, बारीक खडीच्या रस्त्यावर आवाज आधीपेक्षा जास्त येतो, आणि अ‍ॅव्हरेज थोडंसं उतरलंय, फार नाही पण रोज जाणाऱ्या माणसाला कळतं. मागच्या सीटवरच्या आमच्या कुलकर्णी बाईंना लहान खड्डे आता जास्त जाणवतात म्हणे. मला हा सौदा मान्य आहे, ज्याला फक्त मऊ आणि स्वस्त चालवायचंय त्याने 14 वर राहावं.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा आणि सकाळी गार टायरला बघा. एप्रिल-मे मधे पारा 42-43 ला जातो, गाडी चालवून आल्यावर हवा जास्त दिसतेच, 10 अंशाला साधारण दीड पीएसआय, ती जास्त झाली म्हणून सोडू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरेल. उन्हाळ्यात कमी हवेचा टायर जास्त हवेच्या टायरपेक्षा धोक्याचा, भिंत वाकून वाकून तापते आणि फुटते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची काही गरज नाही, साध्या हवेतच 78 टक्के तोच असतो.

स्टेपनी जुनी 14 चीच ठेवलीय, उंची जवळपास सारखी असल्याने अडीअडचणीला चालते. पण एक लक्षात ठेवा, मॅगचे नट आणि लोखंडी रिमचे नट वेगळे असतील तर जुन्यातले चार नट पिशवीत घालून डिकीत टाका, मोहोळच्या पुढे रात्री पंक्चर झाल्यावर ते कुठे मिळणार नाहीत. आणि विम्याच्या रिन्युअलला मॅगची अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंद करून घ्या, बिल जपून ठेवा. गाडीत कंपनीच्या मापाबाहेर बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येऊ शकतं, त्यासाठीही कंपनीचीच वरच्या मॉडेलची साइज बरी.

अण्णांच्या दुकानात रविवारी जाऊ नका, तीन गाड्या पुढे असतात आणि अलाइनमेंटचं मशीन एकच आहे. मंगळवार-बुधवार सकाळी दहाच्या आत गेलात तर निवांत काम होतं. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा कागद मागितला की देतात, न मागता देत नाहीत, तेवढी एकच तक्रार. बसवून दिल्यावर शे-दीडशे किलोमीटर चालवून नट परत आवळून न्या असं सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत.