एमए सायकॉलॉजी: रेग्युलर की इग्नू?
मी रेग्युलर केलं, धाकट्या बहिणीने नोकरी सांभाळून इग्नूतून (घरी बसून शिकायचं मुक्त विद्यापीठ), त्यामुळे घरात या विषयावर रोज वाद (आई म्हणते दोघी आधी एकमेकींचं काउन्सेलिंग करा).

रेग्युलरची खरी मजा प्रॅक्टिकलला आहे, म्हणजे बघा, म्युलर-लायरची (बाणांच्या टोकांमुळे सारख्या रेघा लहान-मोठ्या भासतात तो दृष्टिभ्रम) ती सरकती पट्टी हातात घेऊन समोरच्या मैत्रिणीला "आता सारखी वाटतेय का?" असं शंभरदा विचारायचं, ती कंटाळून काहीही उत्तर देते आणि मग रिपोर्ट लिहिताना कळतं की डेटा कचरा झालाय. हे पुस्तकातून शिकता येत नाही. पण रोजची हजेरी, त्यात हॉस्टेलचा खर्च.

इग्नूला कुठलीही पदवी चालायची, २ वर्षांचा कोर्स ४ वर्षांपर्यंत ताणता यायचा (२०२५ पासून मात्र यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ नवे प्रवेश बंद केलेत). प्रॅक्टिकल, इंटर्नशिप, प्रोजेक्ट तिथेही होतंच, फक्त इंटर्नशिपची जागा बहिणीने स्वतः दारोदार फिरून शोधली. स्टॅटिस्टिक्सला मात्र ती रात्री मलाच फोन करायची.

आणि हो, नुसत्या एमएवर दोन्हीकडून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषद) पुढचा कोर्स आणि नोंदणी लागतेच. नोकरी सोडणं परवडत असेल तर मी तेव्हाही रेग्युलरच म्हटलं असतं, बहीण अर्थातच नाही म्हणाली असती.