एनआयसीयू: उपचार उत्तम, हात धुण्याची शिस्त ढिली

माझी भाची इथे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) होती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली, वजन 1100 ग्रॅम. पहिल्या रात्री तिच्या श्वासासाठी डॉक्टरांनी जी धडपड केली, तिला तोड नाही.

पुढे तिचा श्वास मध्येच थांबायला लागला, प्लेटलेट घसरल्या. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, कँडिडा निघाला, म्हणजे बुरशी. बहिणीने विचारलं, ही आली कुठून? उत्तर मिळालं, "कमी वजनाच्या बाळांना होतं असं." हे अर्धंच खरं. एवढ्याशा बाळाची कातडी पातळ असते, प्रतिकारशक्ती नसल्यातच जमा. त्यात मोठ्या शिरेत घातलेली प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे लाईन, शिरेतूनच दिलेलं फॅट आणि लांबलेली अँटिबायोटिक्स यांनी बुरशीला रान मोकळं मिळतं. पण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट मला वाचता येतो. त्यावर नाव होतं कँडिडा पॅराप्सिलोसिस. ही जात माणसांच्या हातांवरून पसरते आणि लाईनच्या प्लास्टिकला घट्ट चिकटून बसते.

आता हातांचं सांगते. दाराशी बेसिन आहे, पण कोपराने चालवायच्या नळाची दांडी तुटलेली. धुतलेल्या बोटांनीच तो बंद करायचा, मग सगळ्यांना मिळून एकच कापडी टॉवेल. राउंडचे एक मोठे डॉक्टर मनगटावर घड्याळ तसंच ठेवून पेटीत हात घालत. उलट दुपारच्या सिस्टर! माझ्या आईच्या पाटल्या निघेनात, तर "आजी, वर सरकवून चालणार नाही" म्हणत त्यांनी स्वतः साबण लावून उतरवल्या. त्यांच्या पाळीत मी निर्धास्त असायचे.

निदानानंतर मात्र कुठेही हयगय झाली नाही. लाईन त्याच दिवशी काढली, अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू केलं, लघवी आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवलं. कल्चर निगेटिव्ह आल्यावरही 14 दिवस औषध चालू होतं. डोळे, किडनी, हृदय सगळं तपासलं. बहिणीचं दूध थेंब-थेंब का होईना, नळीतून देत राहिले. भाची आता घरी आहे, बाळसं धरतेय.

शेजारच्या पेट्यांतल्या बाळांच्या आईवडिलांना मात्र कुणी काही सांगितलं नाही, हे मला अजून खटकतं. त्यांना कळायलाच हवं होतं.

नळ आणि टॉवेलबद्दल लेखी तक्रार दिली आहे, पोचही घेतली आहे. सध्या पाचपैकी तीन तारे. दुरुस्ती झाल्याचं दिसलं की इथेच वाढवेन.