बाळासाठी परदेशात कार सीट: न्यू जर्सीतल्या काही महिन्यांच्या वापरानंतर

नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला गेलो, तेव्हा लेक दहा महिन्यांची होती. निघण्याआधी घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कार सीटची. सासूबाईंचं म्हणणं, आहे तीच न्या, कशाला नवा खर्च? आमची पुण्यातली सीट चांगलीच आहे, पण तिच्यावर ईसीई आर४४/०४ चं नारिंगी लेबल आहे. म्हणजे ती युरोपच्या मानकाप्रमाणे तपासलेली. अमेरिकेत एफएमव्हीएसएस २१३ हे वेगळं मानक आहे आणि त्याचं लेबल नसलेली सीट तिथे कायद्याला चालत नाही. सीट कितीही महागाची असली तरी यात सूट नाही. म्हणून माझं ठाम मत: गाडी ज्या देशात धावणार, त्या देशाच्या लेबलची सीट घ्यायची.

न्यू जर्सीतल्याच एडिसनला माझे दीर-जाऊ राहतात. सीट त्यांच्या पत्त्यावर आधीच मागवली आणि नेवार्क विमानतळावर भाऊजी ती गाडीत बसवूनच आले. कॉस्को ब्रँडची सीनेरा नेक्स्ट. वजन पाच किलोच्या आत, किंमत शंभर डॉलरच्या बरीच खाली. मागे तोंड करून ४० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण १८ किलोपर्यंत वापरता येते. मागे-पुढे कमी जागा घेत असल्याने लहान गाडीतही पुढच्या सीटवाल्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकत नाहीत. एका हाताने सीट आणि दुसऱ्या कडेवर बाळ असं मी एकटीने पार्किंगमधून नेलं आहे. प्रवासाच्या सीटमध्ये मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दणकट, भरपूर गाद्यांची सीट रोजच्या एकाच गाडीसाठी ठीक. गाड्या बदलणाऱ्याला हलकीच हवी.

नातेवाईक नसतील तर भाड्याच्या गाडीबरोबर सीटही भाड्याने मिळते. दिवसाला दहा-पंधरा डॉलर धरा. आठवडा उलटला की नव्या सीटचे पैसे तिथेच गेले. शिवाय हातात कोणती सीट पडेल ते ऐनवेळीच कळतं. आम्हाला सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटरवर मिळालेल्या सीटचं सूचनापत्रक गायब आणि खांद्याचे पट्टे पिळलेले होते. आम्ही ती परत केली, आपली बरोबर होतीच.

आता बसवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी सुरक्षितता इथे आहे. बहुतेक अमेरिकी गाड्यांमध्ये मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला की तो लॉक होतो आणि मागे सोडताना टक-टक आवाज करत आवळत जातो. सीटमधून पट्टा ओवायचा, बकल लावायचं, पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा, मग एका हाताने सीट दाबून धरत ढील काढत जायचं. नंतर पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून हलवून बघायची. एका इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा सुरुवात. वरचा भाग थोडा हलला तर घाबरू नका, मागे तोंड केलेल्या सीटचं ते नेहमीचंच आहे. बाजूच्या लेबलवर एक रेघ असते, ती जमिनीला समांतर हवी. नाहीतर झोपेत बाळाची मान पुढे पडते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. काही गाड्यांत कोन जमेना, तेव्हा सूचनापत्रकात चालतं म्हटल्याप्रमाणे टॉवेलची गुंडाळी खाली घातली. तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ सीट तपासून देतात, बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्यात किंवा फायर स्टेशनमध्ये, फुकट. पहिल्याच आठवड्यात जा.

दिवाळीला पुण्याला आलो तेव्हा ही सीट बाबांच्या जुन्या गाडीत लावून पाहिली. पट्टा शेवटपर्यंत ओढला, टक-टक नाही. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या बऱ्याच गाड्यांचा पट्टा फक्त झटका बसल्यावर अडतो, एरवी सैल होत राहतो. युरोपच्या मानकाच्या सीट त्याच हिशोबाने पट्टा धरून ठेवणाऱ्या असतात. मानकांचा हट्ट निव्वळ कागदी नाही, हे मला त्या दिवशी हाताने कळलं. पुण्यात आम्ही पुण्याचीच सीट वापरली. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४बी आहे: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेलं तर हजार रुपये दंड. तरीही ‘मांडीवर घे की’ म्हणणारे आहेतच. आजीला मी शांतपणे सांगितलं की अचानक ब्रेक लागला तर बाळ कुणाच्याच हातात राहत नाही. तिने ऐकलं.

थंडीचा मुद्दा आपल्याकडच्यांना माहीत नसतो. फुगीर जॅकेट घालून पट्टे लावले की ते घट्ट वाटतात, पण अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टे सैल पडतात. जानेवारीत मी लेकीचं जॅकेट गाडीत काढायचे, पट्टे आवळायचे, खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत नाही ना ते बघायचे, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणायचे आणि वरून ब्लँकेट घालायचे. ती रडायची. रडू दे.

विमानात तिचं वेगळं तिकीट काढलं तेव्हा सीट आत नेली, खिडकीशी लावली. विमानात चालणाऱ्या सीटवर तसं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. एका कर्मचाऱ्याने हरकत घेतली तेव्हा तो मजकूर दाखवला आणि प्रश्न मिटला. त्या लेबलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. लेक त्या सीटमध्ये जशी झोपली तशी मांडीवर कधीच झोपली नाही. मुंबईच्या लांबच्या विमानात मात्र बॅसिनेट (विमानातला छोटा पाळणा) घेतलं आणि सीट जाड बॅगेत घालून सामानात दिली. बऱ्याच विमान कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत.

कमतरताही आहेत. या किमतीच्या सीटमध्ये बाळ वाढलं की खांद्याचे पट्टे मागून काढून वरच्या खाचेत ओवावे लागतात. गादी पातळ असते, उन्हाळ्यात पाठ घामेजते.

न्यू यॉर्कमध्ये टॅक्सीला कार सीटचं बंधन नाही. आम्ही तरीही लावली किंवा सरळ ट्रेन पकडली.

एडिसनच्या मराठी ग्रुपवर वापरलेल्या सीट सतत फिरत असतात. घेताना मागचं लेबल वाचा, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख बघा, आणि ती कधी अपघातात सापडली होती का ते स्पष्ट विचारा. देणारा ओळखीचा नसेल तर मी घेणार नाही. आमची सीट आता जाऊबाईंकडे आहे, तारीख आणि सूचनापत्रकासह. पुढच्या महिन्यात त्यांच्या भाचीचं बाळ येतंय.