खान्देशच्या उन्हात 3650 ब्रशलेस मोटर

एक दशांश मापाच्या रिमोट गाडीसाठी घेतलेली ही चार ध्रुवांची, 3900 केव्हीची, सेन्सरविरहित (फिरत्या भागाची स्थिती कळवणारा सेन्सर नसलेली) ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर मी जळगाव परिसरातील काळ्या रानात आणि तापीकाठच्या रेताड पट्ट्यात चालवून पाहिली. 3650 हा आकडा शक्तीचा नसून 36 मिलिमीटर व्यास आणि 50 मिलिमीटर लांबी सांगणारा आहे. त्यामुळे 540 मापाच्या जुन्या ब्रशच्या मोटरच्या जागी ती सहज बसते. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला मिळणारे फेरे, त्या हिशेबाने 7.4 व्होल्टच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर सुमारे 28,900 फेरे होतात आणि डांबरी रस्त्यावर गाडी सुसाट सुटते.

खरी परीक्षा ढेकळांत होते. चाके रुतली की मोटर जास्त प्रवाह ओढते व तापते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना ती उष्णता बाहेर पडायला वावच उरत नाही. साध्या प्रतीच्या निओडायमियम चुंबकांची ताकद 80 अंशांपुढे कायमची घटू शकते, म्हणून कमी दात्यांचे पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक) लावून वेगावर पाणी सोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सेन्सर नसल्याने अगदी मंद गतीत ती अडखळते, हाही दोष आहेच. पण बंद कवचामुळे आत धूळ फारशी शिरत नाही.

डांबरासाठी ही मोटर जरूर घ्यावी. शेतात चालवणाऱ्यांनी मात्र याच आकारातील 3000 केव्हीच्या आसपासची निवडावी.